रात्री ओरडा, सकाळी बांगडे

पत्राचा सारांश

देवगड तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे. मुंबईतली नोकरी सोडून बारा वर्षांपूर्वी गावी आले, आता स्वतःचं दुकान चालवतात आणि हापूसची कलमं बघतात. रोज संध्याकाळी देवळामागच्या मंडळाच्या खोलीत कॅरम खेळतात. डबल्समध्ये त्यांचे जोडीदार म्हणजे आठ वर्षांनी मोठे चुलतभाऊ, ज्यांना ते दादा म्हणतात. ही जोडी अकरा वर्षांची. पंचक्रोशीतल्या स्पर्धांत दोघांनी तीन ढाली जिंकल्या आहेत.

दादांचा राग ही अडचण. सोंगटी सुटली की "डोळे खंय आसत तुझे?", राणी घेऊन कव्हर राहिलं (म्हणजे राणीपाठोपाठ आपली सोंगटी गेली नाही) की "साधा कव्हर घेवक जमणा नाय तुका?", आणि हे सगळं दहा जणांसमोर. मागच्या महिन्यात त्यांनी बोर्डावर अशी थाप मारली की सोंगट्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दादांकडून पिशवीत बांगडे येतात. सध्या श्रावण म्हणून मासे बंद, तर तवसं (मोठी काकडी) आलं. वाचक लिहितात, "त्यांचा स्वभावच तसा, मनात काही नसतं. मी हसून सोडून देतो. पण हल्ली संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो." बागेतली काही कलमं सामाईक आहेत, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. चतुर्थीला चाकरमानी आले की मंडळाची स्पर्धा असते, तिची नावनोंदणी सुरू झाली आहे. वाडीतल्या दुसऱ्या एका खेळाडूने यांना जोडी करू या का, असं विचारलंय. "दादांना नाही म्हणणं म्हणजे घर मोडण्यासारखं. काय करू?"

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सदर लिहिणारी म्हणून, आणि दुसऱ्यांदा कॅरमच्या बोर्डाशेजारी बरीच वर्षं पंच म्हणून बसलेली बाई म्हणून. दुसऱ्या वाचनात तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य डोळ्यांत भरलं: "हल्ली मी राणीच्या वाटेला जात नाही, आपली समोरची सोंगटी घेतो आणि मोकळा होतो."

तुम्ही ते आपल्या खेळाचं वर्णन म्हणून लिहिलंत. मला त्यात दादांच्या रागाचा हिशेब दिसला. राणीचे तीन गुण आहेत, पंचवीस गुणांचा गेम. जो माणूस राणीला हात लावायला घाबरतो, तो जोडीदार म्हणून अर्धाच उरलेला असतो. अकरा वर्षांत तीन ढाली जिंकणारा खेळाडू घाबरून समोरची सोंगटी घेत बसतो आणि दादा म्हणतात ह्याला खेळ जमत नाही. आता तो खरंच जमेनासा झाला आहे. राग आधी की चुका आधी, हे ठरवायला पंच लागणार नाही.

आता तुमच्या पत्रातली ती तीन गृहीतकं एकेक करून बघू. "स्वभावच तसा", "मनात काही नसतं" आणि "नाही म्हणणं म्हणजे घर मोडणं".

स्वभावापासून सुरुवात करते. तुम्हीच लिहिलंय की तालुक्याच्या स्पर्धेत दादा एकदम शांत असतात, कारण तिथे पंच असतो. अधिकृत सामन्यात बोर्ड, म्हणजे एक डाव, चालू असताना जोडीदाराला शॉट सुचवणं, खाणाखुणा करणं चालत नाही, पंच लगेच ताकीद देतो. तिथे ओठ मिटून बसणारा माणूस मंडळाच्या खोलीत का ओरडतो? बँकेत कर्जाचा कागद अडला तर दादा मॅनेजरच्या टेबलावर थाप मारतात का? मला नाही वाटत. मी पंच असताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. घरच्या बोर्डावर वाघ असलेली माणसं माझ्यासमोर मांजर होऊन बसायची. राग तोच, माणूस तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी मुभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. म्हणून ह्याला मी स्वभाव म्हणणार नाही. सवय म्हणेन, आणि त्या सवयीला खोलीतल्या सगळ्यांनी मिळून मुभा दिली आहे. त्या सगळ्यांत तुम्हीही आलात. तुमचं ते हसणंसुद्धा.

वाईट वाटून घेऊ नका. लहान भावाने मोठ्यासमोर हसून वेळ मारून नेणं आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण समोरून बघणाऱ्याला त्या हसण्याचा अर्थ काय लागतो ते बघा. दादांना वाटतं, ह्याला लागत नाही. बाकीच्या आठ जणांना वाटतं, ही दोघांची गंमत आहे. तुमच्या पोटातला गोळा फक्त तुम्हाला माहीत, आणि आता मला.

दादांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, कारण ती बाजू मी आतून ओळखते.

कॅरमच्या डबल्सची रचनाच चीड आणणारी आहे. जोडीदार समोरासमोर बसतात आणि हात, म्हणजे खेळायची पाळी, उजवीकडे फिरत जातो. म्हणजे तुमचा शॉट चुकला की पुढचा हात दादांचा नसतो, मधल्या प्रतिस्पर्ध्याचा असतो. तुम्ही पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवलेली सोंगटी तो अडवतो, तुम्ही उघडी टाकलेली राणी तो घेतो, आणि दादा हात बांधून समोरून हे सगळं बघत असतात. चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचा तो चौकोन. सगळं दिसतं, पण स्वतःची पाळी येईपर्यंत बोटही लावता येत नाही. ज्याला खेळ जास्त कळतो, त्याची तडफड जास्त. त्यात आपला पाऊस. जूनपासून बोर्ड ओलावा धरतो, पावडरच्या गुठळ्या होतात, उन्हाळ्यात सरसर जाणारी सोंगटी अर्ध्यातच बसते. तुमच्या पत्रातली दोन भांडणं जुलैमधली आहेत. त्या दिवशी चूक तुमच्या बोटाची होती की प्लायवूडची, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण दादाही सांगू शकणार नाहीत.

आणि आता माझी गोष्ट. बँकेत असताना शाखांच्या स्पर्धेत मी डबल्स खेळायचे. माझी जोडीदार माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, नुकती लागलेली मुलगी. हात हलका, कट सुरेख. मी ओरडायचे नाही. म्हणजे मी ओरडत नाही असं मला वाटायचं. मी "शिकवायचे". "अगं, बघून तरी मार." "हे तुला दिसलं नाही?" दोन वर्षं आम्ही एकत्र खेळलो, मग तिची बदली झाली. पुढे कितीतरी वर्षांनी कुडाळला एका लग्नात ती भेटली. मी कौतुकाने विचारलं, अजून खेळतेस ना? ती म्हणाली, "नाही. तुमच्यानंतर बोर्डाला हात लावला नाही." तिने ते रागाने म्हटलं नाही, जेवणाच्या रांगेत ताट पुढे करताना म्हटलं. मला माझं एकही वाक्य आठवत नव्हतं. तिला सगळी आठवत होती.

म्हणून "मनात काही नसतं" हे तुमचं वाक्य मी खरं मानते. दादांच्या मनात खरोखरच काही नसेल. माझ्याही नव्हतं. पण तुमच्या मनात राहतं, त्याचं काय? बोलणाऱ्याचं मन स्वच्छ आहे म्हणून ऐकणाऱ्याचं दुखणं कमी होत नाही. उलट त्याला तक्रार करायचीही चोरी होते.

मग ते बांगडे कशाचे? मला तर तुमच्या पत्रातला सगळ्यात आशेचा भाग तोच वाटला. ज्याला आपलं चुकलं असं वाटत नाही, तो सकाळी सात वाजता पिशवी घेऊन माणूस पाठवत नाही. श्रावणातसुद्धा ज्याला काहीतरी पाठवल्याशिवाय राहवत नाही, त्याला रात्री झोप लागलेली नसते. काहीतरी बिघडलं एवढं दादांना कळतं. नेमकं काय बिघडलं आणि किती, हे त्यांना कळत नाही, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. तुम्ही पिशवी ठेवून घेता, वहिनी कालवण करतात, हिशेब मिटला असं दोन्ही घरांत धरलं जातं. माशांची रीत चांगली आहे, ती मोडू नका. फक्त त्या पिशवीने तुमचं बोलणं बंद होतंय, ते होऊ देऊ नका.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतोय, आणि ती आपल्या खेळातली नाही. गोल्फमध्ये बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन खेळाडू होऊन गेला. पोरसवदा असताना चिडका म्हणून प्रसिद्ध, काठ्या फेकायचा. 1921 साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळत होता, वय 19. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, मारून मारून निघेना. ह्याने चेंडू उचलला आणि स्पर्धेतून बाद झाला. पुढे 1927 साली त्याच मैदानावर तो तीच स्पर्धा जिंकला, 1930 साली एका वर्षात त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि 1958 साली त्या गावाने त्याला आपलं मानाचं नागरिकत्व दिलं. राग जातो, एवढ्यासाठी हे सांगितलं. पण तो त्याचा त्याने घालवला, बरोबरच्यांनी सोसून सोसून घालवला नाही. शिवाय गोल्फमध्ये चिडलेल्या माणसापासून पन्नास पावलं लांब चालता येतं. कॅरममध्ये बोर्डाखाली गुडघ्याला गुडघा लागतो.

तर करायचं काय?

आधी आठ दिवस काहीच करू नका, फक्त मोजा. दुकानातून मूठभर काजूच्या बिया खिशात घालून जा. दादांचा एक टोमणा झाला की एक बी उजव्या खिशातून डाव्या खिशात. कोणाला दाखवायचं नाही, घरी येऊन मोजायच्या. तुम्ही लिहिलंय "सतत". सतत म्हणजे चार की चाळीस? चार असतील तर तुमच्या मनात एकाचे दहा होतायत आणि त्याचं औषध वेगळं. चाळीस असतील तर तुम्हाला दादांशी बोलताना "तुम्ही नेहमी" असं म्हणावं लागणार नाही. "नेहमी" म्हटलं की समोरचा "नेहमी कुठे?" म्हणतो आणि वाद तिथेच अडकतो. आणखी एक बघा, बिया कुठल्या वेळी जास्त सरकतात. हरत असताना की जिंकत असताना? प्रेक्षक असताना की चौघेच असताना? मला वाटतं, प्रेक्षक असताना. बरीचशी चिडचिड "चूक माझी नव्हती" हे दहा जणांना कळावं म्हणून असते.

मग बोला. कधी बोलायचं यावर मी जास्त भर देईन. बोर्डावर नको, कारण तिथे दादांचं रक्त तापलेलं असतं आणि तुमचं थिजलेलं. मंडळाच्या खोलीत तर नकोच. मध्यस्थ नको, बायकांकरवी निरोप तर अजिबात नको. पिशवी परत द्यायला तुम्ही स्वतः जा. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत, तेव्हा चार नारळ न्या, नाहीतर दुकानातलं काही. ओटीवर बसा. चहा होईपर्यंत बोलायची वेळ आपोआप येईल.

आणि बोलताना "तुम्ही रागीट आहात" असं म्हणू नका. रागीट माणसाला रागीट म्हटलं की पुढची दहा मिनिटं कशी जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. जे झालं तेवढंच सांगा. मी असं म्हटलं असतं: "दादा, बुधवारी कव्हर चुकलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मी हसलो, पण मला लागलं. तेव्हापासून मी राणी घ्यायला घाबरतो. बोर्ड चालू असताना तुम्ही बोलू नका. बोर्ड संपल्यावर दोघंच असताना हवं तेवढं सांगा, मी ऐकेन." एवढंच. पुढे "राग मानू नका हां" असं जोडून ते पातळ करू नका. तुमच्या बोलीत म्हणा, ते माझ्या वाक्यापेक्षा नक्कीच बरं वाटेल.

ते काय म्हणतील? बहुतेक, "मी तुज्या बऱ्यासाठी सांगतंय." कदाचित हसतील. कदाचित गप्प होतील, आणि कोकणातला मोठा भाऊ गप्प झाला की ऐकतोय की रुसलाय हे पहिले चार दिवस कळत नाही. ते गप्प बसणं सहन करा. भरून काढायला तुम्ही बोलत सुटलात तर शेवटी तुम्हीच माफी मागून घरी याल. मी ओळखते तुमच्यासारख्यांना.

ह्यानंतर खोलीत पुन्हा झालं, आणि एकदा तरी होईलच, तर हसू नका. उलटही बोलू नका. स्ट्रायकर खाली ठेवा, "दादा, बोर्ड संपल्यावर" म्हणा, आणि मग खेळा. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. कंटाळवाणं वाटेल, तसंच असायला हवं. बोर्डावर पुन्हा थाप पडली तर तो बोर्ड तिथेच संपला. उठा, "आज पुरे, उद्या येतो" म्हणा आणि घरी जा. दार आपटू नका, चेहरा पाडू नका, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी खरंच जा. तुम्ही गेला नाहीत तर तो रुसवा होईल. गेलात तर तो नियम होईल.

एक अडचणीचं बोलते, कारण तुमच्या पत्रात ते नाही. तुम्ही लिहिलंय, "दादांसारखा फिनिशर पंचक्रोशीत नाही." अकरा वर्षं तुम्ही नुसती रीत म्हणून सोसलं नाही. त्या तीन ढालींत दादांचं बोट आहे आणि तुम्हालाही जिंकायला आवडतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण स्वतःशी कबूल करा, म्हणजे निर्णय सोपा होईल. चांगल्या खेळाडूचा राग किती चालवून घ्यायचा याचा भाव आपण सगळेच मनात ठरवत असतो. वाईट खेळणाऱ्याने अशी थाप मारली असती तर मंडळाने त्याला केव्हाच बाहेर बसवला असता.

मंडळाला हाताशी धरा असंही सुचवते. चतुर्थीच्या स्पर्धेला बाहेरून पंच बोलवा, आणि रोजच्या खेळालाही स्पर्धेचाच नियम लावा: बोर्ड चालू असताना जोडीदाराशी बोलायचं नाही. हा नियम दादांच्या नावाने आणू नका. "पोरांना सवय लागावी" म्हणून आणा, ते खोटंही नाही. रोजच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून करा. आज दादांबरोबर, उद्या त्या दुसऱ्या खेळाडूबरोबर, परवा एखाद्या दहावीतल्या पोराबरोबर. त्याने काय होईल? एक म्हणजे, दादांना कळेल की इतरांच्या सोंगट्याही सुटतात. दुसरं, तुम्हाला कळेल की तुमची राणी अजून हातात आहे की नाही. हा थोडा आडून मार्ग आहे, मला माहीत आहे. चिठ्ठ्यांनी तुमचं दादांशी बोलणं टळत नाही. आधी बोला, मग चिठ्ठ्या.

आता "घर मोडण्या"बद्दल. तुम्ही जोडी, भाऊबंदकी आणि सातबारा ह्या तीन गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत. अकरा वर्षांत एकदा तरी दादांनी कॅरमचा राग कलमांवर काढलाय का? फवारणीचा खर्च अडवला, पेट्यांच्या हिशेबात खोट केली? तुमच्या पत्रात तसं एक अक्षर नाही. उलट मोहोर आला की ते आधी तुमच्याकडची कलमं बघतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दादांना हे दोन वेगळे ठेवता येतात. न येणारे तुम्ही आहात, भीतीमुळे. जोडीदार बदलणं म्हणजे सोयरीक मोडणं नव्हे. हां, थोडे दिवस थंड जातील. चतुर्थीच्या आरतीला दादा तुमच्याकडे उशिरा येतील, कदाचित मुलाला पाठवतील. तेवढी तयारी ठेवा.

दुसऱ्या खेळाडूला काय उत्तर द्यायचं? माझं मत विचारलंत तर, यंदा नावनोंदणीच्या आधी दादांशी बोला आणि एक स्पर्धा त्यांच्याबरोबर खेळा, पण अट सांगून. त्या दुसऱ्या गृहस्थांना टांगणीवर ठेवू नका. यंदा नाही, पण पौषात जत्रेच्या वेळी खेळू, असं सरळ सांगा. आणि अट मोडली गेली तर पौषात खरंच त्यांच्याबरोबर खेळा. दादांना ते तुमच्या तोंडून आधी कळू दे, नोटीस बोर्डावरून नको. कोणी म्हणेल, अकरा वर्षं झाली, आणखी एक संधी कशाला? कारण खरी संधी तुम्ही एकदाही दिलेली नाही. ज्या माणसाला त्याची चूक कधी सांगितलीच नाही, त्याला सुधारणार नाही असं कसं म्हणायचं?

एक अपवाद. हात उगारला गेला, वस्तू अंगावर आली, किंवा खेळायला येताना दारू पिऊन येणं सुरू झालं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे ओटी नाही, नारळ नाहीत. त्या दिवसापासून त्या माणसाबरोबर बसायचं नाही.

अशा पत्रांची माझ्याकडे भरमार आहे, म्हणून इतरांसाठीही दोन शब्द. चिपळूणच्या एक बाई नवऱ्याबरोबर मिश्र दुहेरी बॅडमिंटन खेळतात आणि प्रत्येक शटल खाली पडलं की त्यांच्याकडे बघितलं जातं. त्यांना माझं म्हणणं: तुम्हाला भाऊ नव्हे, नवरा आहे, तेव्हा ओटीवर जायची गरज नाही, पण घरी परतताना गाडीत बोलू नका. गाडीत दोघांपैकी कोणालाच उठून जाता येत नाही. आणि डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनात पखवाजावर साथ करणारे एक तरुण लिहितात की बुवा चालू भजनात डोळे वटारतात. तुम्ही बारी संपल्यावर बोला, पण त्याआधी ताल खरंच सुटत होता का, हे मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकून घ्या. कधी कधी बुवांचं बरोबर असतं. डोळे वटारणं तरीही चूकच.

आणि हे वाचताना ज्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला असेल, त्यांनी आज रात्री बोर्डावर बसल्यावर फक्त एक करावं. जोडीदाराचा शॉट चुकला की स्वतःचा हात पावडरच्या डब्याकडे न्यावा आणि चिमूटभर पावडर घेऊन बोटं चोळावीत. तेवढ्यात मधला प्रतिस्पर्धी खेळायला लागलेला असतो आणि बोलायची वेळ गेलेली असते. मी पुढची कितीतरी वर्षं हेच केलं. माझी बोटं सदा पांढरी असायची, लोकांना वाटायचं बाईंना घाम फार येतो. चिडलेल्या बोटाने स्ट्रायकर जोरात जातो आणि सोंगटी पॉकेटच्या कडेला आपटून परत येते, हे दादांइतकं कोणाला माहीत असणार? पण ते त्यांना मी सांगून उपयोग नाही.

शेवटी एक फुकटचा सल्ला, तुम्ही विचारला नव्हता. मंडळाच्या खोलीत हल्ली एलईडी लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. उजेड चांगला, वीजही कमी, पण तो बोर्ड तापवत नाही. पूर्वीचा शंभरचा पिवळा बल्ब बोर्डावर खाली लोंबायचा तो नुसता उजेडासाठी नव्हता. कुठे मिळाला तर पावसापुरता परत लावा आणि खेळायच्या आधी अर्धा तास पेटवून ठेवा. दादांना तो आणायला सांगा. त्यांच्याकडे माळ्यावर एखादा नक्की असेल.